उधार राहिलेली ओ

१

सन दोन हजार चार, फेब्रुवारीची बावीस तारीख, रविवार. उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार तीन दिवसांवर आला होता. थंडी सरली होती, वाडीत वालाच्या शेवटच्या शेंगा उरल्या होत्या, आणि दुपारचं जेवण उरकून ऑगस्टीन तुस्कानो ओसरीवर बसून बायकोच्या तिसऱ्या हाकेची वाट बघत होता.

दोन हाका झाल्या होत्या. पहिली तेरेसाने स्वयंपाकघरातून मारली, दुसरी दारात येऊन. आता तो तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे. मधे चार हातांचं अंतर.

"अहो," तेरेसा तिसऱ्यांदा म्हणाली.

"ओ," ऑगस्टीन म्हणाला.

"चहा गार झाला."

हा नियम गावात सगळ्यांना पाठ होता. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेला द्यायची नाही. आजीने कान धरून शिकवलं होतं की ज्याला पाय नाहीत तो दोनदाच हाक मारतो. तिसरी हाक फक्त माणूस मारतो, कारण काम माणसालाच असतं. आजीने हे सगळ्या नातवंडांना शिकवलं. बाकीची शिकून मोठी झाली आणि विसरली. ऑगस्टीन चौथीपर्यंतच शिकला, त्यामुळे त्याच्याकडे विसरायला फारसं काही नव्हतं.

लग्नात फादरने विचारलं, ही तुला बायको म्हणून मान्य आहे का. तो गप्प. दुसऱ्यांदा विचारलं, तरी गप्प. तेरेसाच्या भावांनी बाह्या सरसावल्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो "होय" म्हणाला, आणि देवळाबाहेर ऐकू जाईल असं म्हणाला. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर दोनदा नाव पुकारून पुढच्याला आत घ्यायचा, म्हणून त्याची दाढ आठवडाभर जास्त दुखली. पण वाडी विकत घ्यायला आलेला बिल्डरचा माणूसही फाटकातून दोनदाच ओरडून निघून गेला, म्हणून वाडी राहिली. शेजारच्या वाडीत आता चार मजले उभे होते. दाढेपेक्षा वाडी मोठी, एवढं ऑगस्टीनला कळत होतं.

घाईची माणसं एका दमात "ऑगस्टीन ऑगस्टीन ऑगस्टीन" म्हणून टाकत. तो ती एकच हाक धरी.

"ऑगी येतोय," तेरेसा म्हणाली. "सिनेमा घेऊन. निम्म्या गावाला सांगून बसलाय. खुर्च्या काढा."

२

ऑगी म्हणजे ऑगस्टीन डाबरे. माणिकपूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं सीडीचं दुकान होतं. म्हातारा ऑगस्टीन त्याचा धर्मबाप. बाप्तिस्म्याला पोर त्याच्या हातात दिलं होतं, नावही त्याचंच ठेवलं होतं, आणि फादर पोराला जे विचारतील त्याचं उत्तर पोराच्या वतीने त्याने द्यायचं होतं. "सैतानाचा त्याग करतोस का?" फादरने विचारलं. धर्मबाप गप्प. लग्न लावणारे फादर तेच होते. त्यांनी सुस्कारा सोडला आणि न चिडता तीनदा विचारलं.

एवढ्या सावध माणसाचं नाव घेऊन ऑगी मात्र उलटा निघाला. रस्त्यात कोणी कोणालाही हाक मारो, ऑगी वळून "हां, बोला" म्हणे. आता तर त्याच्याकडे मोबाइल होता. तो वाजायच्या आधीच उचलतो अशी त्याची ख्याती होती.

"बाबा, हे बघा," ऑगीने डिस्कची डबी पुढे केली. "आपला पिक्चर. मुंबईच्या एका कंपनीने जुनी निगेटिव्ह शोधून काढली. धुऊनपुसून कोरी केली. तेव्हा कापलेले सीन पण परत जोडलेत. तुमचा सीन आहे त्यात."

डबीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'ऊपरवाली कोठरी', आणि खाली 'पहली बार संपूर्ण'.

"माझा सीन नव्हता," ऑगस्टीन म्हणाला.

"कापला होता, बाबा. आता जोडला."

ऑगस्टीनने डबी उलटीसुलटी करून बघितली आणि परत दिली. कापलेलं आपलं आपण जोडलं जात नाही, हे त्याला माहीत होतं. पण डबीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

हा सिनेमा त्याच्याच घरात काढला होता. पंच्याहत्तर सालचा जानेवारी. कौलारू घर, लाकडी जिना, वर माळा, मागे बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, हिरवं पाणी. मुंबईचे दिग्दर्शक सेठीसाहेब, त्यांना हे सगळं फुकट भुताटकीचं वाटलं. त्यांनी घर अकरा दिवसांसाठी घेतलं. खर्च वाचवायला नोकराचं काम घरमालकालाच दिलं. नोकराने जिन्याखालच्या पायरीवर पाठमोरं बसायचं. वरून मेलेल्या मालकाची हाक येते. नोकराने "ओ" म्हणायचं, वर जायचं. पुन्हा कधी खाली यायचं नाही. एवढंच काम.

सेठीसाहेबांनी कॅमेऱ्याशेजारून हाक मारली, "रामू." ऑगस्टीन बसून राहिला. साहेबांना वाटलं, याला नाव कळलं नाही. मग त्यांनी खरंच नाव घेतलं, "ऑगस्टीन." तो तरी बसून राहिला. पुन्हा, "ऑगस्टीन." त्याच्या हिशेबाने ती दुसरी हाक. रामूशी त्याचा संबंध नव्हता.

तिसरी हाक मारायला फिल्म परवडत नव्हती. "तेरी एक ओ उधार रही," साहेब हसून म्हणाले, आणि त्यांनी लाइटवाल्या जयरामला त्या पायरीवर बसवलं. जयराम जूचंद्रचा, चाळिशीचा, जाडजूड. खांद्यावर कायम काळ्या वायरचं भेंडोळं. ते काढू का म्हणून त्याने विचारलं. साहेब म्हणाले, राहू दे, दोरी वाटेल. पहिल्या हाकेला जयरामने ओ दिली, उठला आणि जिना चढून वर गेला. तेवढ्यात फिल्म संपली. 'कट' म्हणायच्या आत कोणीतरी "जेवण आलं" म्हणालं आणि सगळे मटणाकडे धावले.

संध्याकाळी ट्रकमध्ये जयराम नव्हता. जूचंद्र काही लांब नाही, गेला असेल चालत, असं सगळे म्हणाले. ऑगस्टीनही तेच म्हणाला. त्याबद्दल त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

३

कुवेतहून मुलीने, ग्लोरियाने, मोठा टीव्ही पाठवला होता. ऑगीने त्याला पाच स्पीकर जोडले. दोन पुढे, दोन मागे, एक मधे. पंधरा माणसं जमिनीवर नि खुर्च्यांवर बसली. खिडक्यांना चादरी लावल्या. बाहेर तीनचं ऊन होतं.

घर ओळखू येईना इतकं चांगलं दिसत होतं. प्रत्येक दृश्याला तेरेसा सांगत होती. "हा आपला रांजण. ही माझी चटई, ती त्यांनी नेली. त्या बाईने घातलीय ती साडी माझ्या भावजयीची."

मग जिना आला. पायरीवर एक माणूस पाठमोरा, बंडी घातलेला.

"तुम्हीच," तेरेसा म्हणाली. सगळे हसले.

"ऑगस्टीन," हाक आली.

पायरीवरचा माणूस हलला नाही. पंधरा माणसं खदखदून हसली. कोणीतरी म्हणालं, सिनेमात पण तिसऱ्याची वाट बघतोय. ऑगस्टीन हसला नाही. हाक वरून आली होती, माळ्यावरून. त्याला चांगलं आठवत होतं की साहेब खाली, त्याच्या पाठीमागे उभे होते, कॅमेऱ्याला टेकून.

"ऑगस्टीन."

पुन्हा वरून. त्याने मान वर केली. छताच्या फळ्यांमधून थोडी माती झरली.

"स्पीकर, बाबा," ऑगी अभिमानाने म्हणाला. "सराउंड म्हणतात ह्याला."

मागचे दोन्ही स्पीकर खाली कपाटावर होते. ऑगस्टीनने ते बघून घेतलं. पण सराउंड हे काय प्रकरण असतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही त्यावर बोलायचं नाही ही त्याची पद्धत होती.

"प्रिंट काय साफ केलीय," तेरेसा म्हणाली. "बंडीचा धागासुद्धा दिसतो."

सगळ्यांनी बघितलं. पाठमोऱ्या माणसाच्या बंडीला उजव्या खांद्यामागे रफू केलेलं होतं, निळ्या धाग्याने.

मागच्या महिन्यात तेरेसाकडचा पांढरा धागा संपला, तेव्हा तिने तसंच रफू केलं होतं. ती बंडी आत्ता ऑगस्टीनच्या अंगात होती.

"निळ्या धाग्याने पुष्कळ लोक शिवतात," ऑगस्टीन म्हणाला.

"हो," तेरेसा म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

४

मंगळवारी दुपारी त्याने सिनेमा एकट्याने लावला. बुधवारपासून उपवासकाळ, म्हणजे तेरेसा टीव्हीवर चादर घालणार आणि ती ईस्टरला काढणार. त्याआधी खात्री करून घ्यायला हवी होती. स्पीकरच्या वायरी त्याने उपटून ठेवल्या. आवाज आता फक्त टीव्हीतून यायला हवा होता, आणि बाकी सगळा आलाही. नायिकेचं रडणं टीव्हीतून, वादळ टीव्हीतून, कुत्रा टीव्हीतून.

दोन हाका तेवढ्या माळ्यावरून आल्या.

"पत्रा तापला की घर बोलतं," ऑगस्टीन स्वतःशी म्हणाला. घराला पत्रा नव्हता, कौलं होती. पण हे त्याच्या लक्षात आलं ते म्हणून झाल्यावर.

पुढे जयराम पायरीवर बसला. पहिल्या हाकेला ओ दिली, भेंडोळं सावरलं, वर गेला. पाय दिसेनासे झाले. इथपर्यंत ठीक होतं. ऑगस्टीनने बंद करायला हात पुढे केला, तर पुढचं दृश्य सुरू झालं. नायिका बावखलाच्या काठी गाणं म्हणत होती. तिच्या मागे घर. घराच्या वरच्या खिडकीत जयराम उभा होता. रविवारी सगळ्यांचं, त्याचंही, लक्ष नायिकेकडे होतं.

तो घाबरवत नव्हता, हात वगैरे करत नव्हता. खांद्यावर भेंडोळं घेऊन, कॅमेऱ्याकडे बघत, काम संपल्यावर माणूस साहेबाच्या तोंडाकडे बघतो तसा बघत उभा होता.

पुढच्या दृश्यात इन्स्पेक्टर अंगणात आला. वर जयराम. लग्नाच्या दृश्यात वरात आली. वर जयराम. आता त्याने भेंडोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं होतं. शेवटी नायकाने घराला आग लावली, म्हणजे पुठ्ठ्याच्या घराला, आणि त्या पुठ्ठ्याच्या खिडकीतसुद्धा जयराम होता. धुराने डोळे चोळत होता.

ऑगस्टीनने टीव्ही बंद केला. चादर त्याने एक दिवस आधीच घातली.

५

उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता, टीव्ही चादरीखाली, डिस्क ऑगीच्या दुकानात आणि तेरेसा देवळात क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेलेली असताना, माळ्यावरून हाक आली.

"ऑगस्टीन."

तो सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, बांधत होता. हात थांबले.

"ऑगस्टीन."

तो तिसरीची वाट बघत बसला. चार वाजले. पाच वाजले. तिसरी आली नाही. सत्तर वर्षं त्याने नियम पाळला होता, पण नियमाने कधी त्याला असं उत्तर दिलं नव्हतं. आजीचं बोलणं खरं असेल असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि ते त्याला आवडलं नाही.

तेरेसा आल्यावर त्याने विचारलं, "माळ्यावर काय आहे?"

"भात, लसूण, उंदीर."

"उंदीर बघितलास?"

"बघितला नाही कधी. पण चालतो. इकडून तिकडे, तिकडून इकडे. ह्या घरात आल्यापासून नाही, पण मुलं लहान होती तेव्हापासून चालतोय. पिंजऱ्यात सुका बोंबील लावते, खात नाही." तिने चपला काढून ठेवल्या. "जड आहे पायाने."

जिन्याने वर जाण्यापेक्षा त्याने बाहेरून शिडी लावली आणि खिडकीतून डोकावला. पोती होती. लसणाच्या जुड्या होत्या. पिंजरा होता, बोंबील होता. सगळ्यावर बोटभर धूळ. भिंतीला खिळा होता आणि खिळ्याला काळ्या वायरचं भेंडोळं. त्यावर धूळ नव्हती.

"ती वायर कोणाची?" त्याने खाली विचारलं.

"शूटिंगवाल्यांची राहिली. मी एकदा कपडे वाळत घालायला काढली होती. दुसऱ्या दिवशी परत खिळ्यावर. मला वाटलं तुम्ही ठेवली."

ऑगस्टीन शिडीवरून उतरला. शिडी जागेवर ठेवली. हात धुतले. तेरेसाला वाटलं आता जेवायला मागेल. तो म्हणाला, "ती ओ माझी होती."

"कोणती?"

"त्याने दिली ती."

६

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ऑगी आला तो नाचतच.

"बाबा, पिक्चर काय चाललाय. माणिकपूरमध्ये सगळे तोच मागतात. आणि ती हाक, बाबा. दुकानात लावतो ना, तर वरून येते. गिऱ्हाइकं वर बघतात."

"तुझ्या दुकानाला वर काही नाही."

"पत्रा आहे."

"मग?"

"तेच तर. कसला साउंड दिलाय. काल तर मी ओ देणारच होतो. माझंच नाव की शेवटी. तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मोबाइल वाजला." ऑगीने मोबाइलकडे प्रेमाने बघितलं. "हां, आणि ऐका. केबलवाला कॉन्रॅड ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पिक्चर दाखवतोय. त्याची जाहिरात करायची. इथेच, आपल्या जिन्यावर. टीव्हीवर सीन चालू ठेवायचा. मी पायरीवर पाठमोरा बसणार. हाक आली की मी ओ देणार, आणि वर जाणार. मग पाटी येणार, रात्री नऊ वाजता."

"कितव्या हाकेला देणार?"

"पहिल्याच. जाहिरातीत कुठे वेळ असतो, बाबा?"

ऑगस्टीनने त्याच्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांचा बाप्या, दोन पोरींचा बाप. पण त्याला दिसत होतं ते पांढऱ्या झबल्यातलं गाठोडं, ज्याच्या वतीने फादरला उत्तर द्यायला लोकांनी त्याला उभं केलं होतं.

"नको करू," तो म्हणाला.

"का?"

काय सांगणार? खिडकीत माणूस आहे, धागा निळा आहे, उंदीर जड आहे. ऑगी हसला असता आणि ही गोष्टही त्याने जाहिरातीत घातली असती.

"जिना जुना आहे," ऑगस्टीन म्हणाला.

"मी हळू चढेन," ऑगी म्हणाला.

७

पवित्र शनिवारी सकाळी ऑगस्टीन जूचंद्रला गेला. नायगावला उतरून पूर्वेला रिक्षा केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उठत होत्या. मधेच मिठागराचा एखादा तुकडा उन्हात चमकत होता. जयराम लाइटवाल्याचं घर त्याने दोन ठिकाणी विचारलं. तिसऱ्या ठिकाणी कोणीतरी बोट दाखवलं.

दाराशी उभं राहून त्याने हाक मारली. "घरात कोण आहे?"

अजून दोनदा मारायची म्हणून तो श्वास घेत होता, तोच दार उघडलं.

"कोन हाय?" दारात एक म्हातारी होती. डोळ्यांत घाई होती. त्याला बघून ती घाई विझली. "या. बसा. पानी देते."

ती मीराबाई, जयरामची बायको. ऑगस्टीनने आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. घराचं सांगितल्यावर तिने मान हलवली.

"तिकडंच गेल्ते," ती म्हणाली. "शूटिंगला. डबा नको म्हनले, तिकडं मटन हाय म्हनले."

"मग तुम्ही चौकशी नाही केलीत?"

"केली. मुंबईला साहेबाकडं गेली. साहेब म्हनला, मानूस येल. मग साहेबच मेला." तिने पाण्याचा तांब्या त्याच्या पुढे सरकवला. "तुमी तवा घरी होते काय?"

"होतो."

"वर गेल्ते बघाया?"

ऑगस्टीन पाणी प्यायला. सगळा तांब्या संपवला.

"नाही," तो म्हणाला.

ती रागावली नाही. ती रागावली असती तर त्याला उठून जाता आलं असतं.

"तुम्ही पहिल्याच हाकेला दार उघडता," तो म्हणाला.

"कोन असल काय सांगता येतं?" मीराबाई म्हणाली. "त्यांना दुसरी हाक माराया लागू नये."

येताना रिक्षावाल्याने त्याला दोनदा विचारलं, कुठे सोडू. ऑगस्टीनने पहिल्यांदाच सांगितलं होतं. रिक्षावाल्याला ऐकू आलं नव्हतं, इतकंच.

८

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी तीन वाजता कॉन्रॅड हातात मावेल एवढा कॅमेरा घेऊन आला. खुर्ची हलव, रांजण पुढे घे, पडदा ओढ, असं त्याने अर्धा तास केलं. तेरेसाने सगळ्यांना केक दिला. टीव्हीवर जिना दिसत होता. त्याच्या समोर तोच जिना उभा होता. ऑगीने बंडी घातली होती, नवी कोरी. तो पायरीवर बसायला निघाला.

"उठ," ऑगस्टीन म्हणाला.

"अजून बसलो नाही, बाबा."

"मग बसू नको. ती जागा माझी आहे."

कॉन्रॅड खूश झाला. "अरे, हे तर बेस्ट. ओरिजिनल ॲक्टर. अंकल, बसा, बसा. पण एक हां, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबू नका. कॅसेट माझी आहे."

"सदरा काढा तरी," तेरेसा म्हणाली.

ऑगस्टीनने सदरा काढून तिच्या हातात दिला. खाली निळ्या धाग्याची बंडी होती. तेरेसाने ती बघितली आणि त्याच्याकडे बघितलं. ती सदऱ्याची घडी करू लागली. झाल्यावर तिने ती मोडली आणि पुन्हा करू लागली.

"चहा टाकते," ती म्हणाली. "जास्त वेळ लावू नका."

"तू घे," तो म्हणाला. "ऑगी, बायकोला आणि पोरींना सांग, मी विचारलंय. आणि रिक्षा बोलावून ठेव. जूचंद्रला जायची."

"कोण जाणार?"

"बोलावून ठेव."

ऑगीने मोबाइल कानाला लावला. ऑगस्टीन पायरीवर बसला, सगळ्यांकडे पाठ करून. लाकूड गुळगुळीत आणि थंड होतं. समोर जिना वर जात होता. सातव्या पायरीपर्यंत उजेड होता. त्यापुढे माळ्याचं काळं तोंड.

मागे कॉन्रॅडने ऑगीला खूण केली. टीव्हीवर वादळ सुरू झालं.

एवढ्या वेळात बुद्धीने त्याला पुष्कळ गोष्टी सांगून बघितल्या. स्पीकर असेल. कौलं असतील. जयराम त्या दिवशी रुळावरून चालत गेला असेल आणि गाडीखाली आला असेल. बुद्धी चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने तिच्या परीने जमेल तेवढं केलं, आणि मग तीही गप्प बसली.

"ऑगस्टीन," माळ्यावरून हाक आली.

मागे ऑगीचा श्वास त्याला ऐकू आला. हे पोर कोणत्याही हाकेला तोंड उघडतं, तसं त्याचं तोंड उघडत होतं.

"ओ," ऑगस्टीन म्हणाला.

स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. पन्नास वर्षांत तेरेसाने ही ओ पहिल्या हाकेला ऐकली नव्हती.

"अंकल, मस्त," कॉन्रॅड कुजबुजला. "आता वर."

ऑगस्टीन उठला आणि चढू लागला. गुडघे दुखत होते. सातवी पायरी झाली, उजेड मागे राहिला. लसणाचा वास आला, मग तापलेल्या दिव्याचा. वरून कोणीतरी उतरत होतं. जड पावलं, एकेक पायरी चाचपत. जिना अरुंद होता. ऑगस्टीन भिंतीला चिकटून उभा राहिला. वायरचं भेंडोळं त्याच्या छातीला घासून गेलं. ते गरम होतं.

"कट झालं काय?" अंधारात माणूस म्हणाला. आवाज कोरडा होता, बरेच दिवस पाणी न मिळाल्यासारखा.

"झालं," ऑगस्टीन म्हणाला. "पॅकअप. घरी जा."

"गाडी गेली असल."

"खाली रिक्षा आहे."

माणसाने भेंडोळं सावरलं. "तुमी?"

"मी वर जातो," ऑगस्टीन म्हणाला.

जयराम उतरला. ऑगस्टीन चढला.